आर-फिफ्टीन विकली, त्याची गोष्ट

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून आमच्या मजल्यावरची संपादिका गेले पंधरा दिवस माझ्या मागे लागली आहे. मी तिला सांगून पाहिलं की बाई गं, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोलताना सापडलं की दोन रुपये दंड पडायचा, आणि घरी आलं की आजी म्हणायची, "आता माणसासारखी बोल!" या दोघींच्या मधे जी काही भाषा तयार झाली ती ही. तेव्हा मजकूर माझा, शुद्धलेखन संपादिकेचं. तक्रारी तिच्या रूमवर नेऊन द्याव्यात.

विषयही तिनेच दिला. "तू ती निळी गाडी का विकलीस ते लिही, सगळं हॉस्टेल विचारतंय." खरंच विचारतंय हो! मेसमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, व्हायव्हाच्या रांगेत. आमच्या बॅचच्या एका महाभागाने "ब्रेकअप कधी झालं गं?" असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. वर्कशॉपमध्ये जॉब तपासता तपासता एक सर म्हणाले, "काय, रिटायरमेंट घेतली वाटतं!" बॉइज हॉस्टेलमध्ये तर म्हणे आमच्यापेक्षा जास्त सुतक आहे. म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून टाकते.

गाडी म्हणजे यामाहा आर-फिफ्टीन, व्हर्जन थ्री, रेसिंग ब्लू. १५५ सीसी, लिक्विड कूल्ड, सहा गिअर. ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक पिढीची एक गाडी असते. आपल्या आधीच्या मंडळींची २००३ साली आलेली करिझ्मा, आणि २००८ पासून पुढच्या सगळ्या कॉलेजांची आर-फिफ्टीन. दीडशे सीसीच्या गाडीला रेसच्या गाडीसारखं पूर्ण अंग झाकणारं फेअरिंग, खाली वाकून धरायचं हँडल, आणि मागची सीट इतकी उंच की मागे बसणारा माणूस गच्चीवरून डोकावल्यासारखा दिसतो. आमच्या व्हर्जनमध्ये व्हीव्हीए होतं. ७४०० आरपीएमच्या वर इनटेकचा कॅम बदलतो आणि गाडीचा आवाजच बदलतो. तो आवाज ज्याने हेल्मेटच्या आत ऐकलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ज्याने ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

पण ही गाडी मुळात माझी नव्हती. दादाची होती. त्याने २०२० च्या दसऱ्याला स्वतःच्या पगारातून घेतली. पहिली नोकरी, त्यात वर्क फ्रॉम होम, म्हणजे पुण्याचा पगार आणि चिपळूणचं जेवण! दिवसभर मीटिंगा करायचा आणि संध्याकाळी गाडी पुसत बसायचा. मला हात लावू द्यायचा नाही. फार तर आरसे पुसायची परवानगी होती.

मग २०२१ चा जुलै आला. बावीस तारखेचा पूर आठवतो ना? चिपळूणकरांना विचारायची गरज नाही, बाकीच्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. आमचं घर बाजाराच्या बाजूला. पहाटे पाणी अंगणात होतं, उजाडेपर्यंत जिन्याच्या सहाव्या पायरीवर आलं, नंतर पायऱ्या मोजणं सोडून दिलं. आम्ही चौघं आणि शेजारचे पाचजण वरच्या मजल्यावर. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. खाली आईची शिलाई मशीन, फ्रिज, बाबांची चाळीस वर्षांची कागदपत्रं आणि दादाची नऊ महिन्यांची गाडी, सगळं वाशिष्ठीच्या पाण्यात. दादा खिडकीतून खाली पाहत होता. फक्त एकदा म्हणाला, "आरसे दिसतायत अजून." थोड्या वेळाने तेही दिसेनात.

पाणी ओसरल्यावर गाडी चिखलातून उपसून काढली. शब्दशः उपसून! फेअरिंगच्या आत गाळ असा बसला होता की जणू साच्यात ओतलाय. शेजारचा एकजण स्टार्टर दाबायला धावला, तर दादा त्याच्यावर ओरडला. आता थर्मल शिकल्यावर कळतं की तो का ओरडला. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आम्ही आधी स्पार्क प्लग काढला. मग खालचा ड्रेन बोल्ट सोडला. पहिल्यांदा नुसतं पाणी आलं, कारण पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं. त्याच्यामागून आलं ते दुधाच्या कॉफीसारखं काहीतरी. तेच इंजिन ऑइल! स्वस्तातलं ऑइल घालायचं, हाताने इंजिन फिरवायचं, ओतून टाकायचं. तीन वेळा केलं तेव्हा कुठे तेल तेलासारखं दिसायला लागलं. एअर फिल्टर फेकला. वायरिंगचा एकेक कपलर उघडून पुसला, त्या कामाला माझी बोटं बारीक म्हणून मी. माझी दहावी नुकतीच झाली होती, म्हणजे आमच्या बॅचची परीक्षा रद्दच झाली होती, त्यामुळे हातात वेळच वेळ. लोक घरातले गाळ काढत होते, आम्हीही काढत होतो, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात गाडी. सहाव्या दिवशी ती सुरू झाली. सायलेन्सरमधून आधी पाणी, मग पांढरा धूर, मग तो आवाज. आई चिखलाने भरलेल्या हातांनी बाहेर आली आणि तिथल्या तिथे मटकन खाली बसून रडली. फ्रिज गेला, मशीन गेली, तेव्हा रडली नव्हती.

मी मेकॅनिकल घेतलं ते त्या सहा दिवसांमुळे. अ‍ॅडमिशनच्या वेळी बाबांना "स्कोप आहे" असं सांगितलं होतं, ते वेगळं.

२०२३ मध्ये दादा जर्मनीला शिकायला गेला. मी इथे फर्स्ट इयरला. सेकंड इयरला त्याने फोनवर गाडीची चावी मला 'दिली'. तेव्हापासून दर शनिवारी कराड-चिपळूण. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्लीचा घाट, खाली पोफळी, अलोरे आणि घर. शंभरेक किलोमीटर. हेळवाकला चहा. एस्टीने यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि उलटीची गोळी घ्यावी लागते. कुंभार्ली उतरताना आर-फिफ्टीन जे करायची ते मला मराठीत सांगता येत नाही, इंग्रजीतही येणार नाही. नुसतं पुढच्या वळणाकडे बघायचं, गाडी आपोआप तिकडे. पावसाळा संपल्या संपल्या सकाळी सातला, रस्ता धुतलेला, धुकं खाली दरीत, ट्रक अजून पोफळीलाच... असो. विषयावर येते.

विषय मनगटाचा आहे. थर्ड इयर सुरू झाल्यावर माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी घाट उतरल्यावर दहा मिनिटं. मग तासभर. मग रविवारी रात्री परत आल्यावर सोमवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत. व्हर्नियरचा स्क्रू फिरवताना कळायचं नाही की घट्ट झाला की नाही. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "सायकलिंग करतेस का?" म्हटलं, नाही. "मग गाडी कुठली?" गाडीचं नाव ऐकून ते हसले. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. हँडलवर तळहात दाबून तासन्‌तास भार दिला की ती चेपते. सायकलवाल्यांचा हा जुना आजार आहे म्हणे.

मी काही लगेच हार मानली नाही. उपाय सगळे केले. जेलचे ग्लोव्ह्ज आणले. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरून हात सैल सोडायचे, हीच खरी पद्धत, ती तर मला आधीपासून येत होती. पोटाचे व्यायाम केले. फरक पडला, नाही असं नाही, पण पाटणपर्यंतच.

मग एका रात्री आमच्या रूमवर स्टॅटिक्सचा जाहीर तास झाला. हॉस्टेलच्या जिममधला वजनकाटा आणला, टेबल-खुर्चीखाली जाड पुस्तकं सरकवून (मशीन डिझाइनच्या पुस्तकाचा यापेक्षा चांगला उपयोग आजवर झालेला नाही) सीट आणि हँडल जमेल तसं मापात बसवलं, आणि मी गाडीवर वाकते तशी वाकून काट्यावर तळहात टेकले. साडेआठ किलो! सरळ बसून नुसते हात ठेवले तर दोनसुद्धा भरत नव्हते. कंबर म्हणजे बिजागरी, धडाचं वजन पुढे, आणि मोमेंटचा तोल सांभाळायला मनगटं. फर्स्ट इयरचंच गणित. सिव्हिलच्या रूममेटने लगेच "कॅन्टिलिव्हर!" म्हणून निदान केलं.

आता कुणी म्हणेल, मग रेसर लोक कसे चालवतात? त्याचं उत्तर वाऱ्यात आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ट्रॅकवर सुसाट जाणाऱ्याच्या छातीला वाराच मागे रेटतो, धडाचा बराच भार तोच पेलतो. घाटात ट्रकच्या मागे मी पस्तीसने जाते. ताशी शंभरला जेवढा वारा मिळतो त्याच्या जेमतेम आठवा हिस्सा! त्यात उतार आणि दर वळणाला ब्रेक, म्हणजे अंग आणखी पुढे. थोडक्यात, ती बैठक ज्या वेगासाठी काढलेली आहे त्या वेगात मी कधी नव्हतेच, आणि कुंभार्लीत कुणी नसावंच. गाडीचा यात काडीचाही दोष नाही. धावायचे बूट घालून देवळाच्या रांगेत उभं राहिलं तर बुटांना काय बोलणार?

तरीसुद्धा खरं सांगायचं तर नुसत्या मनगटासाठी मी ती विकली नसती. दोन बोटं काय, चालवली असती.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली. जिवाचं भय टळलं, पण बाबांनी गाडी चालवणं सोडलं ते सोडलंच. आमचे बाबा म्हणजे एम-एटीवाले. कोकणात ज्यांनी एम-एटी पाहिली आहे, मागे माशांच्या टोपल्या बांधून चढ चढणारी, त्यांना कळेल. बाबांनी पंचवीस वर्षं त्याच गाडीवर दर रविवारी गाव केलं. आजी गावाला असते, गुहागर रस्त्यावर. एस्टी मुख्य रस्त्यावर सोडते, तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर चढाची वाट. आजी खाली यायला तयार नाही. "माझी गुरं कोण बघेल?" गुरं आता एकच म्हैस आहे. ऑपरेशननंतर बाबांना तो चढ चालणं जमेना. दर वेळी रिक्षा मिळतेच असं नाही. दोन रविवार गेले नाहीत, तिसऱ्या रविवारी आजीने शेजाऱ्याच्या फोनवरून विचारलं, "तो बरा आहे ना? मला खरं सांगा."

मी म्हटलं, बाबा, मी आहे ना! चला माझ्या मागे.

बाबा तयार झाले. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, आजीची औषधं. मी गाडी सुरू केली. आणि बाबा त्या सीटकडे पाहत उभे राहिले. त्यांनी एकदा उजवा पाय उचलून पाहिला. मग माझा खांदा धरून पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा शेजारच्या काकांनी हात दिला आणि बाबा वर चढले. धरायला पुढे मी, मागे काही नाही, गुडघे छातीपाशी. प्रत्येक ब्रेकला ते माझ्या पाठीवर येत होते आणि "सॉरी हां, बाय" म्हणत होते. माझे बाबा मला सॉरी म्हणत होते! चार किलोमीटरवर त्यांनी थांबायला सांगितलं. उतरले, शर्ट सारखा केला, आणि म्हणाले, "गाडी झकास आहे तुझी. तू हो पुढे, मी मागून एस्टीने येतो."

त्या रविवारी मी गाडी हळू चालवत एस्टीच्या मागून गेले. फाट्यावर बाबांना पुन्हा वर बसवलं आणि वाडीच्या चढाला हाफ क्लच धरून धरून नेलं. क्लच प्लेटचा वास आजीच्या अंगणापर्यंत आला.

पुढची गाडी शोधताना मी बरंच वाचलं. अ‍ॅव्हेंजर पाहिली, सीट अगदी खाली, पण मला दगडधोंड्यांच्या वाटेला थोडं उंच काहीतरी हवं होतं. हिमालयन मनात फार होती. तिची सीट ८०० मिलिमीटर. मी पाच फूट तीन इंच. मी पोचेन कशीबशी, बाबा मागे चढताना गाडी कलली तर सावरेन का? शेवटी मिटिऑरवर आले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये थंडरबर्डच्या जागी आलेली, ३४९ सीसी. सीट ७६५ मिलिमीटर, म्हणजे आर-फिफ्टीनपेक्षा पाच सेंटिमीटर खाली. आणि स्टेलर मॉडेलला मागे पाठ टेकायला उशी! मी शोरूममध्ये जाऊन आधी मागच्या सीटवर बसले. तिथला मुलगा बुचकळ्यात पडला. म्हणाला, "मॅडम, चालवणार कोण?"

आता आपल्या ब्रँचच्या लोकांसाठी थोडे आकडे, कारण इथेच गंमत आहे. आर-फिफ्टीन १८.६ पीएस, मिटिऑर २०.४. जवळजवळ बरोबरी! पण आर-फिफ्टीन ते १०,००० आरपीएमला देते, मिटिऑर ६१०० ला. टॉर्क १४.१ न्यूटनमीटर ८५०० ला, विरुद्ध २७ न्यूटनमीटर ४००० ला. एकीचा बोअर ५८ आणि स्ट्रोक ५८.७, दुसरीचा ७२ आणि ८५.८. म्हणजे एक धापा टाकत जिने चढणारी, दुसरी एकेक दमदार पाऊल टाकणारी. मला माहीत आहे, कुणीतरी लगेच म्हणणार की चाकावर येणारा टॉर्क गिअर रेशोवर ठरतो, इंजिनाचे आकडे काय सांगतेस. बरोबर आहे. आर-फिफ्टीनचे गिअर आखूड आहेत, चाकावर फरक इतका मोठा राहत नाही. पण चढावर दोघांना घेऊन थांबलेल्या जागेवरून निघायचं असेल तेव्हा इंजिन कुठल्या आरपीएमला जोर देतं हेच महत्त्वाचं, आणि जड फ्लायव्हील गाडी बंद पडू देत नाही. दुसरी बाजूही सांगते. वजन १४२ किलोवरून १९१ वर गेलं. पिकअप गेला तो गेलाच. माझा हिशेब म्हणाल तर लिटरला चव्वेचाळीस किलोमीटरचे छत्तीस झाले.

आधी निळी विकायला काढली. कराडातला एक एजंट आला, त्याने गाडी सगळीकडून पाहिली आणि पंच्याऐंशी हजार म्हणाला. मग हळूच, "ताई, पासिंग चिपळूणचं दिसतंय. पुराचं काही असलं तर आपण बोलायचं न्हाई." कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतंच. विमा कंपनीकडे आम्ही दावा केला नव्हता, सगळं हातानेच केलेलं. गाडी चार वर्षं विनातक्रार चालत होती. तो म्हणाला ते करणं फार सोपं होतं.

घ्यायला आला तो फर्स्ट इयरचा मुलगा, सोबत त्याचे वडील, ऊसवाले शेतकरी. मुलाचे डोळे गाडीवरून हलत नव्हते. मी त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं. गाडी किती तास पाण्यात होती, काय काय उघडलं, काय बदललं, आणि दोन कपलर अजून हिरवट पडतात ते वर्षातून एकदा साफ करावे लागतात. एजंट आभाळाकडे बघत होता. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग पंच्याऐंशी न्हाई जमायचं." बहात्तरला ठरलं. फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, सह्या, विमा नावावर करायचे कागद. निघताना त्यांनी मुलाला सांगितलं, "ताईंचा नंबर घे. काय झालं तर आदी ह्यांना इचार, मग गॅरेजला जा."

दादाला त्या रात्री फोन केला. विकायला काढली हे त्याला माहीत होतं, गेली हे नव्हतं. सांगितल्यावर पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं कॉल तुटला. मग म्हणाला, "पाण्याचं सांगितलंस ना त्यांना?" म्हटलं, सांगितलं, तेरा हजार कमी आले. "बरं," म्हणाला आणि विषय बदलून मेसच्या जेवणाचं विचारायला लागला. दोन दिवसांनी माझ्या खात्यावर बरोबर तेरा हजार रुपये जमा झाले. सोबत एकच शब्दाचा मेसेज: "पाण्याचे."

मिटिऑर सेकंडहँड घेतली. २०२१ ची, साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून, एक लाख बेचाळीस हजारांना. बहात्तर आणि तेरा, माझ्या शिकवण्यांचे आणि इंटर्नशिपचे एकतीस. उरलेले सव्वीस बाबांनी घातले. "सीटचं भाडं," म्हणाले.

नवीन गाडीचं सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. पाय पुढे सोडून बसायची सवय व्हायला महिना गेला. पायांवर उभं राहून खड्डा झेलता येत नाही, तो थेट माकडहाडापर्यंत पोचतो. पाटणच्या अलीकडे काही खड्डे असे आहेत की मला त्यांची नावं ठेवावीशी वाटतात. पार्किंगमध्ये कुणी गाडी तिरकी लावली तर १९१ किलो मागे ओढताना घाम फुटतो, आणि त्या वेळी मदतीला येणारी मंडळी नेमकी "कशाला घेतलीस एवढी जड?" हे विचारायलाच येतात. आणि कुंभार्ली! पहिल्यांदा सवयीने वळणात झोकून दिलं तर फूटरेस्टने रस्त्याला खर्रकन हाक मारली. आता सावकाश उतरते. सावकाश उतरल्यावर कळलं की घाटात एका वळणावर छोटासा धबधबा आहे, तो मी दीड वर्षात पाहिलाच नव्हता. पण धबधबा पाहून ते हेल्मेटमधलं ७४०० चं सुख भरून निघतं, असं मी म्हणणार नाही. नाही निघत. पार्किंगमधून ती निळी गेली की मी आवाजावरून सांगते कुठला गिअर आहे. तो मुलगा फार लवकर गिअर बदलतो. त्याला सांगायला हवं.

बोटं हळूहळू सुधारत आहेत. डॉक्टर म्हणाले, नसा आळशी असतात, वेळ घेतात.

बाबा पहिल्या रविवारी मिटिऑरवर बसले ते एम-एटीवर बसायचे तसेच, कुणाचा हात न धरता. पाठीला उशी लागल्यावर त्यांनी दोनदा मागे रेलून खात्री करून घेतली. पिशवी मांडीवर. गाडी हळू, इंजिनचा आवाजही कमी, आणि मग बाबा बोलायला लागले! मला माहीतच नव्हतं की गाडीवर मागे बसलेला माणूस बोलू शकतो. या पुलाच्या कामावर त्यांचे काका होते. त्या वळणावर एम-एटीची चेन तुटून ते रात्रभर एका अनोळखी घरी राहिले होते, त्या घरच्या बाईने त्यांना सकाळी आंबोळ्या दिल्या होत्या. इथे पूर्वी वड होता. इतकी वर्षं हा माणूस दर रविवारी या रस्त्याने एकटा जात होता आणि हे सगळं त्याच्या आत होतं. फाट्यावरून वाडीचा चढ सुरू झाला तेव्हा मी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. गाडी कुरकुरली नाही. बाबांनी मधे एकदा थांबायला सांगितलं, माझा जीव घशात आला. पण त्यांना फक्त लघवीला जायचं होतं.

आजी अंगणात उभी होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर थाप मारली आणि म्हणाली, "ही बरी. आमच्या म्हशीसारखी आहे. आधीचं ते नाकतोड्यासारखं काय होतं गो?"

तेव्हा बॉइज हॉस्टेलने सुतक संपवावं. रविवारी सकाळी मला ट्रेकला बोलावू नये, रविवार बुक आहे. आणि हो, आर-फिफ्टीनची टँक ग्रिप, पॅडॉक स्टँड आणि एक जेलचे ग्लोव्ह्ज (मीडियम साइज, फारसे वापरलेले नाहीत) माझ्या रूमवर पडून आहेत. कुणाला हवे असतील तर मेसमध्ये गाठावं. भाव करू नये. फर्स्ट इयरचा तो निळ्या गाडीवाला आला तर स्टँड त्याला फुकट.